सुक्या धुळीवर बोट

आमच्या इमारतीखाली रोज सकाळी एक माणूस गाड्या पुसायला येतो. खांद्यावर एक फडकं, हातात एक बादली. पहिल्या गाडीला जे पाणी, तेच शेवटच्या गाडीला. आधी तो सुक्या फडक्यानं गाडीवरची धूळ फटाफट झटकतो, मग तेच ओलं करून गोल गोल घासतो. मी वरून खिडकीतून बघतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. एकदा न राहवून खाली गेलो आणि त्याला म्हटलं, "बाबा रे, आधी नुसतं पाणी ओत. धूळ वाहून जाऊ दे, मग हात लाव." तो हसला आणि म्हणाला, "काका, मला अजून वीस गाड्या करायच्यात."

माझा नातू शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही आयुष्यात गाडी घेतली नाही. तुम्हाला हे कुठून माहीत?"

"मामाकडे होती," असं म्हणून मी विषय बदलला. हा विषय मी अशा प्रकारे किती वर्षं बदलत आलो आहे, याची गणती नाही. मुलांनी विचारलं, जावयानं विचारलं, बायकोनं तर कितीदा विचारलं. मामाच्या गाडीबद्दल सांगायला लागलं की माझ्या दोस्ताबद्दल सांगावं लागतं, आणि दोस्ताबद्दल सांगायला लागलं की मी चांगला दिसत नाही. आता मामा नाही, दोस्तही नाही. ज्यांच्यासमोर मान खाली घालायची, ती माणसं गेल्यावर लिहायला बसलो आहे. यात शौर्य काही नाही, हे मला कळतं. पण जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो.

मी गावाहून मुंबईत आलो तो थेट लालबागला मामाच्या खोलीत. गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. मामा उमेदीच्या काळात एका साहेबाकडे ड्रायव्हर होता. साहेब विलायतेला परत गेला, जाताना त्याची जुनी काळी गाडी मामाच्या गळ्यात पडली. मामानं तिचं सोनं केलं. परळ-लालबागात लग्नाची वरात निघायची तर मामाची गाडी हवी, असं झालं. बाळंतिणीला इस्पितळातून घरी आणायलासुद्धा लोक तीच गाडी मागत. गाडी जुनी होती, इंजिन खोकायचं, चढावर कुंथायचं. पण तिचा रंग! नवरी आत बसायच्या आधी दारासमोर थांबायची आणि दारात बघून कुंकू नीट करायची. त्या दारात तुमचा चेहरा दिसायचा, पापण्यांसकट.

हा आरसा मामानं कसा राखला होता, ते सांगायला हवं.

चाळीला लागून पत्र्याची एक शेड होती आणि शेडला लागून कोळशाची वखार. वर गिरणीचं धुराडं. म्हणजे वरून काजळी, बाजूनं कोळशाची भुकटी, आणि वाऱ्याबरोबर कापसाची तूस. रात्रीत गाडीवर जो थर बसायचा त्याला मामा धूळ म्हणत नसे. "ह्या पॉलिशपेपर हा," तो म्हणायचा. "तुका दिसता पीठ, पण हात फिरव, मग समाजतला."

म्हणून पहिला नियम असा, की सुक्या धुळीला कुणी बोट लावायचं नाही. कुणीही. मामीनं एकदा पदरानं दारावरचा डाग पुसला, तर मामा दिवसभर तिच्याशी बोलला नाही. तिनं संध्याकाळी त्याच्यापुढे ताट आदळलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेक तिच्याशीच लगीन करा."

गाडी धुवायची ती सकाळी, ऊन शेडमध्ये शिरायच्या आत. उन्हात धुतली की पाणी पत्र्यावरच सुकतं आणि डाग धरतं, मग ते काढायला घासावं लागतं. धुवायच्या आधी मामा आमचे हात तपासायचा. अंगठी काढ, घड्याळ काढ, पट्ट्याचं बक्कल मागे फिरव. मग बागेतल्या झारीनं टपावर पाणी सोडायचं, हलक्या धारेनं, घाई न करता. काजळी काळ्या ओघळांनी खाली उतरायची. ओघळ स्वच्छ येऊ लागले की मग फडकं. फडकं म्हणजे मामीच्या जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा, काठ आणि शिवण कापून टाकलेला. बादल्या दोन. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. गाडीवरून फिरलेलं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच साबणात. वरून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. हात फिरवायचा तो गाडीच्या लांबीनं, सरळ. गोल फिरवला तर मामा ओरडायचा, "जात्यावर दळतंस काय रे?"

आणि फडकं हातातून जमिनीवर पडलं तर ते मेलं. ते त्या दिवसापासून चाकांचं.

सुकवण्याची तऱ्हा मला सगळ्यात आवडायची. पुसायचं नाहीच. धोतराचं मोठं पान ओल्या बोनेटवर अंथरायचं, वरून तळव्यानं नुसतं थोपटायचं आणि अलगद उचलायचं. न्हालेल्या बाळाचं डोकं टिपतात तसं. ते पान उचललं की खालून काळं, ओलं, चकचकीत आकाश निघायचं आणि त्यात उलटं धुराडं.

चाळीतल्या बायकांचं या दोन बादल्यांवरून रोज भांडण. "हंय माणसांका पाणी नाय आणि तुमच्या गाडयेक दोन-दोन बादल्यो?" मामाचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमच्या पोरीच्या वरातीक हीच लागतली. तेव्हा बघूया."

आता दोस्त. तो करी रोडच्या बाजूला, पुलापलीकडच्या चाळीत राहायचा. धंद्यानं बोर्ड रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे फलक, आणि त्या दिवसांत जास्त करून संयुक्त महाराष्ट्राचे फलक. त्याचे डबे, फळ्या आणि शिडी आमच्या शेडमध्येच असायची, कारण त्याच्या खोलीत माणसांनाच जागा नव्हती. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली होती. आई भिंतीवर नव्यानं लावलेल्या तसबिरीसमोर रोज मेणबत्ती लावायची आणि मी गेलो की आधी माझ्या हातावर साखर ठेवायची.

आमची गट्टी कशावरून जमली, तर अक्षरावरून. त्याचं अक्षर लांबून ओळखू यायचं. विशेषतः त्याचा 'झ'. त्या दिवसांत 'झ' भिंतीभिंतींवर होता, कारण 'झालाच पाहिजे' सगळीकडे लिहिलेलं असायचं. पण इतरांचा 'झ' नुसता उभा असायचा. ह्याच्या 'झ'ची शेपटी खाली जाऊन कोंबड्यासारखी वर उसळायची. कचेरीत साहेबाचं लक्ष नसलं की मी रद्दी कागदावर तो 'झ' गिरवत बसायचो. मला तो कधी जमला नाही, पण जवळजवळ जमायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी नायगावची. मामानं त्याला आपणहून सांगितलं होतं, "तुझी वरात माझ्या गाडीतना. भाडा नाय, काय नाय. मागलो पडदो मामीन शिवलेलो घाल." चाळीतल्या काही म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. एक जण गॅलरीतून म्हणाला, "काय हो, आता आपल्या पोरी त्याच गादीवर बसतल्या?" मामानं वर न बघता उत्तर दिलं, "नको तर चालत घालवा. पाय धडधाकट असत पोरींचे." त्यावर पुढं जी कुजबूज झाली ती दाराआड.

दोस्तानं ही गोष्ट नायगावला कळवली होती. त्याच्या होणाऱ्या बायकोनं आपल्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, की माझी वरात अशा गाडीतून निघणार आहे जिच्या दारात तोंड दिसतं.

लग्नाच्या थोडं आधी मुंबई बंद पडली. ते दिवस तापलेले होते. गिरण्या बंद, ट्राम बंद, रस्त्यावर पोलीस. मामा खोलीबाहेर पडायला तयार नव्हता आणि पाणीही वेळेवर येत नव्हतं, त्यामुळे गाडी धुतली गेली नाही. तिच्यावर थरावर थर बसले. दोस्त सत्याग्रहात पकडला गेला होता आणि कोठडीत होता.

अशाच एका संध्याकाळी मी सभेहून परतलो. गळा घोषणांनी बसलेला, अंगात एक वेगळीच झिंग. शेडमध्ये शिरलो. गाडी तिथे उभी होती, काळ्या पाटीसारखी, वरून राखाडी भुकटी पसरलेली. इतकी मोठी, इतकी स्वच्छ पाटी मी जन्मात पाहिली नव्हती. मला नियम माहीत नव्हता असं नाही. दर रविवारी झारी माझ्याच हातात असायची. पण मी बोट टेकवलं आणि बोनेटवर लिहिलं, 'झालाच पाहिजे'. दोनच शब्द. बाकीचं सगळ्यांना पाठ होतं.

नुसतं लिहून थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण मला दोस्ताच्या ब्रशसारखा जाड-बारीक उतार हवा होता. म्हणून प्रत्येक रेघ पुन्हा पुन्हा गिरवली, दाबून. 'झ'ची शेपटी तर मनासारखी उसळेपर्यंत सोडली नाही. आणि त्या दिवशी ती उसळली. मी मागे सरून बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

सकाळी मामानं ते पाहिलं. मी गॅलरीत दात घासत होतो. मला वाटलं, आता फाशी. पण मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि त्याचं तोंड हळूहळू पसरलं. तोही त्याच हवेतला माणूस होता.

"गो, भायर ये," त्यानं मामीला हाक मारली. "बघ आमच्या गाडयेन काय म्हटलान ता."

मामी म्हणाली, "सुक्या धुळीवर बोट लावलेला चलता वाटता आता?"

"ह्या देशाचा काम," मामा म्हणाला. मग वाकून म्हणाला, "ह्यो 'झ' बघलंस? त्या आमच्या पेंटराचो. सुटलो वाटता भडवो. सुटल्या सुटल्या येऊन लिवन गेलो."

मी ब्रश तोंडात तसाच ठेवून दात घासत राहिलो. त्या वेळी भीती नव्हती, खरं सांगायचं तर अभिमान होता. माझा 'झ' त्याचा म्हणून खपला होता. कारागिराला याहून मोठी पावती कुठली?

त्या दिवशी बंद जरा सैल पडला होता; मामानं गाडी न धुता बाहेर काढली. लालबागहून परळ नाक्यापर्यंत फेरी मारली. लोक टाळ्या वाजवत होते, एका फुलवालीनं बोनेटवर झेंडूची माळ फेकली. मी मामाच्या शेजारी बसलो होतो, आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची सकाळ होती हे मी आजही नाकारू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. आम्ही नेमानं सगळं केलं. झारी, दोन बादल्या, लुगड्याचं फडकं, धोतराचं पान. पान उचललं, बोनेट चकाकलं, शब्द गेले. मामा खूष. मग नेहमीप्रमाणे तपासणीसाठी त्यानं गाडी शेडमधून उन्हात ढकलायला सांगितली.

ऊन बोनेटवर पडलं आणि शब्द परत आले.

केसासारख्या बारीक रेघांचा पुंजका, कोळ्याच्या जाळ्यासारखा, आणि त्या पुंजक्यात स्पष्ट वाचता येणारं 'झालाच पाहिजे'. सावलीत नेलं की नाहीसं व्हायचं. उन्हात आणलं की हजर. मामानं तीनदा आत-बाहेर करून बघितलं. मग तो चाकाजवळ खाली बसला.

दोस्त सुटून आला तो हसत, दाढी वाढलेली, हातात कुणीतरी दिलेला हार. शेडमध्ये आल्या आल्या म्हणाला, "काय मामा, कोठडीतली डाळ खाऊन बघायला या एकदा. मामींच्या हाताची किंमत कळेल."

मामा म्हणाला, "हंय ये." आणि त्याला बोनेटसमोर उभं केलं. "ह्या कोणाचा अक्षर?"

दोस्त वाकला. डोकं इकडून तिकडे करत, उन्हाच्या तिरिपेत त्यानं ते नीट पाहिलं. मी बाजूला बादली घेऊन उभा होतो.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला.

"तू सांग."

"मी? मामा, मी आत होतो."

"कधी सुटलंस ता माका काय म्हायत? 'झ' कोणाचो ता सांग."

तो पुन्हा वाकला. आणि इथे त्याच्यातला कारागीर त्याच्या आड आला. "माझ्यासारखा आहे," तो म्हणाला. "पण माझा नाही. माझी शेपटी अशी फुगत नाही. हा कुणीतरी गिरवून गिरवून काढलाय. आणि 'पाहिजे'तला 'ज' बघा, पोट सुटल्यासारखा. मी असा 'ज' काढला तर गिऱ्हाईक बोर्ड डोक्यात घालेल."

मामाला वाटलं, हा थट्टेवारी नेतोय. "गाडयेचो सत्यानाश केलंस आणि वर पोट सुटला म्हणतंस?"

"मी नाही केलं, मामा."

"मगे कोणी? भुतान?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. बादली खाली ठेवून म्हणायचं, मामा, मी. फार तर काय झालं असतं? एक थोबाडीत, दोन दिवस अबोला, मामीनं मध्ये पडून मिटवलं असतं. मी भाचा होतो, मला गाडीखाली घातलं नसतं. पण त्या क्षणी मला वाटलं, मामा मला गावाला परत पाठवील. मी बादलीतलं फडकं पिळलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

वर गॅलरीतून तोच म्हातारा म्हणाला, "बघितलास? मी तेव्हाच सांगलेलं."

मामानं या खेपेला त्याला उत्तर दिलं नाही. हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. ओरखडा बोनेटवर पडला तो पडलाच, पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडी ते वाक्य माझ्या गप्प बसण्यामुळे गेलं.

दोस्तानं वर बघितलं, मग मामाकडे. त्याचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थिजलं. "मामा," तो म्हणाला, "मला दोन दिवस द्या. कटिंग पेस्ट लावून हातानं घासतो, वर मेण चढवतो. रेघा जातील."

"हात लावू नको गाडयेक."

"मग वरात?"

मामा गाडीकडे तोंड करून म्हणाला, "गाडी नाय मिळाची."

दोस्तानं आपले डबे आणि फळ्या गोळा करायला घेतल्या. मी मदतीला गेलो. शिडीचं एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या, असे आम्ही पुलावरून गेलो. मी मागे होतो, त्यामुळे त्याला माझं तोंड दिसत नव्हतं. पुलाच्या मध्यावर तो म्हणाला, "तिला काय सांगू रे? मैत्रिणींना बोलून बसलीय ती."

मी म्हणालो, "काहीतरी करू."

"करतो," तो म्हणाला. "मी पेंटर आहे का नाही?"

त्यानं जे केलं ते लालबाग-परळमध्ये पुढं कितीतरी वर्षं लोक सांगत. त्यानं एक हातगाडी मिळवली. तिच्या चारी बाजूंनी नाटकाच्या जुन्या फलकांची प्लायवूड ठोकली आणि त्यावर मामाची गाडी रंगवली. आकारानं पुरती, दिव्यांसकट, दाराच्या मुठीसकट. काळा रंग असा लावला की तो ओला वाटावा. आणि दारावर त्यानं एक प्रतिबिंब रंगवलं. पांढऱ्या साडीतली मुलगी, गजरा नीट करणारी. ती कोण हे सांगायला नको होतं.

लग्न त्यांच्या नव्या पद्धतीनं झालं, पांढऱ्या कपड्यांत, थोडक्यात आणि छान. मग दोघं त्या हातगाडीवर ठेवलेल्या खुर्च्यांवर बसले आणि वरात निघाली. पुढे लेझीम, मागे पोरं तोंडानं हॉर्न वाजवतायत. ढकलायला त्याचा चुलतभाऊ आणि मी. मी हट्टानं ढकलायला गेलो होतो. प्रायश्चित्त इतक्या स्वस्तात मिळेल असं मला वाटलं असावं.

"पेट्रोल किती पितं रे?" रस्त्यावरून कुणी विचारलं.

"दोन कप चहा," चुलतभाऊ म्हणाला. "साखर जास्त."

नवरी सुरुवातीला मान खाली घालून होती. मग तिनं वाकून बाजूच्या फळीवर बघितलं, स्वतःला तिथे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "नाक एवढं मोठं आहे का माझं?" त्यावर तो असा हसला की खुर्ची कलंडायची बाकी होती.

दोस्तानंच सांगितलं होतं, वरात लालबागवरून न्या. आमच्या चाळीखालून जाताना लेझीमवाले थांबले. सगळी चाळ गॅलरीत. मामा खाली फाटकाशी उभा होता. तो पुढं आला. गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, एकदा बोनेटजवळ वाकला, एकदा दारापाशी. दारातल्या मुलीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मला बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेका सुक्या फडक्यान पुसू नकोस हां. आधी पाणी घाल."

चाळ हसली. मामी खाली धावत आली आणि तिनं नवरीच्या ओटीत नारळ घातला. नवरानवरीनं मामाला हात जोडले. मामाचे डोळे ओले होते. त्याच क्षणी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण सगळे इतके आनंदात होते की मला वाटलं, मिटलंच की आता. उगाच कशाला?

पण मिटलं नव्हतं. दोस्त भेटायचा, हसायचा, माझ्या लग्नातला फलक त्यानंच रंगवला. पण शेडमध्ये त्यानं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आणि मामा मरेपर्यंत म्हणत राहिला, "पोरगो गुणी, पण एकदा चुकलो." ऊन पडलं की ते दोन शब्द दिसायचेच. महाराष्ट्र झाला, मंगलकलश आला, सगळी मुंबई नाचली, आणि मामा बोनेटकडे बघून म्हणाला, "झालो बाबा एकदाचो. आता तरी पुसान जा."

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघंही म्हातारे झाल्यावर, मी एकदा ठरवून त्याच्याकडे गेलो. तो तेव्हा मुलाकडे राहायचा. हात थरथरायचे, ब्रश कधीच सुटला होता. खोलीत शिरलो तर कपाटाच्या बाजूला ती फळी उभी होती. दाराची. मुलीचा गजरा फिकटला होता, पण काळा रंग तसाच, त्यावर एकसुद्धा ओरखडा नाही.

त्याच्या बायकोनं मला बसायला खुर्ची दिली आणि फळीकडे हात करून म्हणाली, "बघताय ना? मला हातगाडीवर बसवून आणली यांनी. आणि नाक अजून मोठंच आहे. खऱ्या गाडीत बसायचं राहिलं ते राहिलंच." ती हसतच आत गेली.

वाक्य माझ्या ओठावर होतं. मी घरून निघाल्यापासून घोकत आलो होतो. "एक सांगायचं होतं तुला," मी म्हणालो.

"थांब," तो म्हणाला. "तोंड दिसत नाही तुझं नीट. चष्मा पुसून दे जरा." त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला. नव्या तऱ्हेच्या हलक्या प्लॅस्टिकच्या काचा होत्या, त्यांवर बारीक धूळ. मी सवयीनं सदऱ्याचं टोक पुढे केलं.

"अरे अरे," तो म्हणाला. "सुकं पुसतोस? मामा असता तर कानफटात दिली असती. आधी नळाखाली धर."

मी मोरीवर गेलो. चष्मा हलक्या धारेखाली धरला. धूळ वाहून गेली. मग रुमाल अंथरला, त्यावर काचा ठेवल्या, वरून नुसतं टिपलं, बाळाचं डोकं टिपतात तसं. परत येऊन चष्मा त्याच्या हातात दिला. त्यानं तो चढवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि प्रसन्न हसला.

"हां, आता दिसलास. किती सुरकुतलास रे. बोल, काय सांगत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा सांग. साखर जास्त."

पुढच्या थंडीत तो गेला आणि मागोमाग तीही. मी घोकून गेलो होतो ते वाक्य काही मोठं नव्हतं. बोनेटवर मी लिहिलं होतं रे, तू नव्हे. माझं चुकलं, मला माफ कर.